हलव्याची वेगळी पाटी

माझी आजी सातपाटीची. पहाटे बंदरावर मासळी घ्यायची आणि पालघरहून गाडी पकडून बोईसरच्या बाजारात बसायची. तिच्यापुढे दोन पाट्या असत. एकीत पापलेट, दुसरीत हलवा. १९६९ साली तारापूरचं अणुऊर्जा केंद्र सुरू झालं आणि देशभरातली गिऱ्हाइकं आली. कुणी हलव्याला ‘ब्लॅक पॉम्फ्रेट’ म्हणे. केरळच्या बायका दोघांनाही ‘आवोली’ म्हणत, एक पांढरी, एक काळी. आजी मात्र दोघांची गल्लत कधी होऊ देत नसे.

पुढे मी प्राणिशास्त्र शिकवू लागले, तेव्हा या दोन पाट्यांचं मोल कळलं.

१७९५ साली बर्लिनचे डॉक्टर मार्कुस ब्लोख यांनी हलव्याला शास्त्रीय नाव दिलं ‘स्ट्रोमॅटियस नायगर’, म्हणजे त्याला पापलेटांच्याच घरात बसवलं. चपटं, उंच अंग आणि मोठेपणी पोटाखालचे पर नाहीसे झालेले. फसावं असंच रूप. १८६४ मध्ये डच संशोधक ब्लेकर यांनी त्याच्यासाठी ‘पॅरास्ट्रोमॅटियस’ ही वेगळी प्रजाती केली. आज हलवा कॅरँजिडी कुळात आहे. शेपटीच्या देठावरून बोट फिरवा, कठीण खवल्यांची धार लागते. पापलेटाला ती नसते. रोज मासळी हाताळणाऱ्या आमच्या बायकांनी हलव्याच्या नावात पापलेट कधी येऊच दिलं नाही.

पापलेटाच्या नावाचा प्रवासही लांबचा. ‘पॉम्फ्रेट’ची व्युत्पत्ती पोर्तुगीज ‘पाम्पो’कडे नेली जाते. तारापूरचा किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांनी जिंकला, तोवर हा किनारा पोर्तुगीजांकडेच होता. शास्त्रीय नाव मात्र चीनच्या किनाऱ्यावरून आलं. स्वीडनच्या युफ्रासेन यांनी १७८८ मध्ये तिथल्या माशाला ‘अर्जेंटियस’, म्हणजे चंदेरी, म्हटलं आणि आपल्या पापलेटालाही तेच नाव चिकटलं. अलीकडे डीएनए तपासणीनंतर संशोधक म्हणू लागले, की भारताच्या किनाऱ्यावरचं पापलेट वेगळं आहे; त्याला कुव्हिए यांनी १८२९ मध्ये दिलेलं ‘कँडिडस’, म्हणजे शुभ्र, हे नाव शोभतं.

हा केवळ नावांचा घोळ नाही. जात कोणती हे ठरलं, तरच ती कधी वयात येते, कधी अंडी घालते, किती धरावी, याचा हिशेब बरोबर येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. १३५ मिलिमीटरपेक्षा लहान पापलेट धरू नये असा नियमही आहे.

पालघर-बोईसरच्या शिक्षकांना माझं एकच सांगणं आहे. मुलांना एकदा सातपाटीच्या बंदरावर न्या. वहीत लॅटिन नावाशेजारी मासळीवालीने सांगितलेलं नाव लिहायला लावा, आणि ते नाव का, हेही तिलाच विचारा.