डिजिटल संगीतवादक, सुवाह्य

गाणी अंकांच्या रूपात साठवून कुठेही ऐकवणारे, खिशात मावणारे बॅटरीवरचे उपकरण. रोजच्या बोलण्यात ‘एमपीथ्री प्लेअर’. दक्षिण कोरियातील सेहान कंपनीचा एमपीमॅन आणि अमेरिकेतील डायमंड कंपनीचा रिओ पीएमपी300 हे दोन्ही 1998 मध्ये बाजारात आले. रिओमध्ये 32 मेगाबाइट जागा होती, म्हणजे जेमतेम आठ गाणी. अ‍ॅपलच्या आयपॉडने (2001) 5 गीगाबाइटच्या हार्ड डिस्कवर हजार गाणी नेली. पुढे फिरत्या डिस्कची जागा फ्लॅश मेमरीने घेतली. तिच्यात बारीक कप्प्यांत विद्युतभार अडकवून अंक जपले जातात. हलणारा भाग नसल्याने एसटीच्या धक्क्यांतही गाणे अडखळत नाही.

साठवण : सीडीसाठी ध्वनिलहर सेकंदाला 44,100 वेळा मोजतात आणि दर माप 16 बिटांत लिहितात. अशा चार मिनिटांच्या स्टिरिओ गाण्याला सुमारे 42 मेगाबाइट लागतात. सेकंदाला 128 किलोबिटच्या एमपीथ्रीत तेच 3.8 मेगाबाइटमध्ये बसते. जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेचा मोठा वाटा असलेले हे तंत्र कानाचा स्वभाव ओळखून चालते : मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा बारीक आवाज ते ढोबळपणे नोंदवते किंवा गाळते.

याची खरी परीक्षा खंजिरीवर होते. नागपूर विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (1909–68) भजने खंजिरीच्या ठेक्यावरची. थाप एका क्षणात उमटते आणि झांजा वरच्या पट्टीत किणकिणतात. 64 किलोबिटवर थापेची धार बोथट होते, झांजांचा नाद पाण्यातून आल्यासारखा वाटतो. 192 किंवा त्याहून अधिक किलोबिटवर हा दोष बराच कमी होतो.

वादन : बटण दाबताच चिप फाइलमधील एकेक चौकट उलगडते. एका चौकटीत 1,152 मापे, म्हणजे सुमारे 26 मिलिसेकंदांचे संगीत असते. अंकांवरून परिवर्तक विद्युतदाब घडवतो, प्रवर्धक तो वाढवतो आणि इअरफोनचा पडदा थरथरतो. अनेक स्वस्त वादक गाणी नावाच्या क्रमाने न लावता कार्डात भरलेल्या क्रमाने लावतात. म्हणून पहाटेचे भजन आधी हवे असेल, तर ते आधी भरावे लागते. देवनागरी फाँट नसलेल्या वादकात गाण्याच्या नावाऐवजी चौकोन दिसतात.

जतन : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 14 ऑक्टोबर 1956 च्या धम्मदीक्षेच्या स्मरणार्थ नागपूरच्या दीक्षाभूमीवर दरवर्षी भरणाऱ्या सोहळ्यात पुस्तकांशेजारी भीमगीतांच्या कॅसेट, नंतर सीडी विकल्या गेल्या. अशी अनेक गाणी आज घरोघरी फक्त मेमरी कार्डात उरली आहेत. कार्ड मात्र कायमचे नसते : कप्प्यांतील विद्युतभार हळूहळू झिरपतो आणि उष्णतेने तो वेग वाढतो. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. बंद गाडीत ठेवलेल्या वादकाची लिथियम बॅटरीही त्या उष्णतेने लवकर खचते.

जुनी कॅसेट संगणकावर उतरवताना पहिली प्रत काहीही न गाळणाऱ्या वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी आणि खिशातल्या वादकासाठी तिच्यावरून एमपीथ्री काढावी. 128 ची फाइल 320 किलोबिटची केली, तर ती फक्त फुगते. एकदा गाळलेली झांज तिच्यात परत येत नाही.