ड्रोन फवारणी : बांधापलीकडची जबाबदारीही पायलटचीच

जालना : कपाशी आणि सोयाबीनवर ड्रोनने फवारणी करणारे पायलट आता जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे झाले आहेत. यातले बरेच जण स्वतंत्रपणे, एकराच्या भावाने काम घेतात. जितके एकर जास्त तितकी कमाई जास्त, त्यामुळे वारं असो की घाई, 'नाही' म्हणणं जड जातं. पण या धंद्यातलं इमान नेमकं तिथंच दिसतं.

कायद्याने काय लागतं?
ड्रोन नियम 2021 प्रमाणे वजनासह 2 ते 25 किलोपर्यंतचा ड्रोन 'स्मॉल' गटात मोडतो. फवारणीचे बहुतेक ड्रोन याच गटातले. तो उडवायला मान्यताप्राप्त संस्थेतून प्रशिक्षण घेऊन रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी वय 18 ते 65 आणि शिक्षण किमान दहावी पास हवं. ड्रोनला नोंदणी क्रमांक आणि थर्ड पार्टी विमाही हवा. शेतकऱ्याने ही कागदं मागितली तर पायलटने राग न मानता दाखवावीत.

औषध कमी नाही, पाणी कमी
पाठीवरच्या पंपाने एकराला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं. ड्रोन साधारण 10 लिटरमध्ये एकर उरकतो. एकरी औषध तेवढंच, पाणी मात्र कमी. म्हणजे द्रावण पंधरा-वीस पट कडक. थेंबही बारीक, त्यामुळे वाऱ्यावर लांब जातात. म्हणून ड्रोन पिकाच्या जवळून, साधारण 2 ते 3 मीटर उंचीवरून चालवावा. लवकर उरकावं म्हणून उंच उडवणं म्हणजे शेतकऱ्याचं औषध वाऱ्यावर सोडणं.

शेजारी तुती असेल तर?
आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न मोठा आहे. जालना बाजार समितीत 2018 पासून रेशीम कोषांची खरेदी-विक्री होते आणि गावोगाव तुतीची लागवड आहे. कपाशीवरचं कीटकनाशक अळीच मारण्यासाठी असतं. ते उडून तुतीच्या पाल्यावर बसलं आणि तो पाला रेशीम अळ्यांना खायला गेला, तर सगळी बॅच हातची जाते. एकाची फवारणी हजार रुपयांच्या आत होते, पण शेजाऱ्याचं महिन्याभराचं उत्पन्न बुडतं.

म्हणून चांगला पायलट आधी चारही बांध फिरून पाहतो. तुती, मधमाश्यांच्या पेट्या, विहीर, गोठा, वस्ती, कुठं काय आहे ते बघतो. शेजाऱ्याला आदल्या दिवशी सांगतो. वारं तुतीकडे असेल तर काम पुढं ढकलतो. शेतमालकाने कितीही आग्रह केला तरी.

टाकी धुतली का?
तणनाशक मारलेली टाकी नीट न धुता कपाशीवर नेली तर पीक बिघडतं. टू-फोर-डी थोडं राहिलं तरी कपाशीची पानं भेंडीसारखी होतात. टाकी, पाइप आणि नोझल तीनदा धुवावेत. धुतलेलं पाणी विहिरीजवळ किंवा ओढ्यात सोडू नये.

पायलटने पाळायच्या गोष्टी
- डब्यावरचं लेबल वाचल्याशिवाय टाकी भरायची नाही. लाल त्रिकोण म्हणजे सगळ्यात जास्त विषारी.
- ओळख नसलेलं मिश्रण 'मालक सांगतो' म्हणून मारायचं नाही.
- दुकानदाराचं कमिशन घेऊन औषध सुचवायचं नाही.
- रिमोटवर दिसणारं क्षेत्र शेतकऱ्याला दाखवूनच एकर धरायचे.
- तारीख, वेळ, औषध आणि मात्रा वहीत लिहून एक प्रत शेतकऱ्याला द्यायची.
- टाकी भरणाऱ्या मजुरालाही हातमोजे आणि मास्क द्यायचे.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. ड्रोनमुळे माणूस पिकातून बाहेर आला, पण औषध कालवणारे हात तेच आहेत. कुणाला मळमळ, चक्कर किंवा अंधारी आली तर औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठावा.

चूक झालीच तर
औषध शेजारच्या रानात गेलं तर पायलटने स्वतः जाऊन सांगावं. वेळेत कळलं तर रेशीमवाला तो पाला तोडणार नाही आणि बॅच वाचेल. लपवलं तर नुकसानही होतं आणि विश्वासही जातो. नुकसान झालं असेल तर फोटो काढून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्यावा.

शेतकऱ्यांनीही एक ध्यानात ठेवावं. 'आज वारं आहे, उद्या येतो' म्हणणारा पायलट कामचुकार नसतो. पुढच्या हंगामात त्यालाच बोलवावं.