उताराने उचललेला भार : उटीच्या रेडिओ दुर्बिणीचे चोवीस मनोरे

रेडिओ अँटेनाचा मनोरा म्हटला की डोळ्यांसमोर उंची येते आणि पोलाद येते. पण मनोरा उभारणाऱ्याला त्याआधी जागेचा प्रश्न सोडवावा लागतो. चुकीच्या जागेची किंमत यंत्राला आयुष्यभर मोजावी लागते आणि योग्य जागा यंत्राचे निम्मे काम स्वतःच करते. निलगिरीच्या एका टेकडीवर १९७० साली कार्यान्वित झालेली उटीची रेडिओ दुर्बीण हे याचे भारतातील सर्वांत बोलके उदाहरण होय.

या कथेचा आरंभ १९६१ सालचा. परदेशात काम करणाऱ्या गोविंद स्वरूप, मेनन, कुंडू आणि कृष्णन या चार भारतीय रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांनी मायदेशी परतून एकत्र काम करण्याची इच्छा देशातील प्रमुख संस्थांना पत्राने कळवली. होमी भाभा यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या वतीने तत्परतेने होकार दिला. १९६३ मध्ये स्वरूप मुंबईत रुजू झाले. ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या बत्तीस लहान तबकड्या त्यांच्या गटाने मुंबईजवळ कल्याण येथे उभ्या केल्या आणि १९६५ पासून सूर्याचे निरीक्षण सुरू केले. मात्र ही केवळ पूर्वतयारी होती.

खरे उद्दिष्ट दूरच्या रेडिओ दीर्घिकांचे होते. त्यांचा आकार मोजण्यासाठी स्वरूप यांनी चंद्राचे साहाय्य घ्यायचे ठरवले. चंद्रबिंब एखाद्या रेडिओ स्रोतासमोरून सरकते तेव्हा त्या स्रोताचा संदेश मंदावत नाहीसा होतो. हे मंदावणे बारकाईने नोंदले, तर स्रोताचे स्थान आणि आकार अतिशय सूक्ष्मपणे काढता येतात. अंशाचे ३६०० भाग केले असता त्यांतील काही मोजक्या भागांइतके सूक्ष्म. त्यासाठी दोन गोष्टी हव्या होत्या : क्षीण संदेश टिपणारे प्रचंड क्षेत्रफळ आणि चंद्राचा तासन्‌तास पाठपुरावा करण्याची क्षमता.

एवढी मोठी तबकडी दोन अक्षांवर फिरवणे त्या काळी भारताला परवडणारे नव्हते. तेव्हा तबकडीऐवजी लांबलचक पन्हळ घ्यावी आणि ती एकाच अक्षावर फिरवावी, अशी कल्पना पुढे आली. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसते. पन्हळीचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असेल, तर एका गतीने ती फिरवली तरी स्रोत नजरेआड होत नाही. पण आकाशातील उत्तर ध्रुव क्षितिजापासून स्थळाच्या अक्षांशाइतका उंच असतो. म्हणून अक्षही तेवढाच तिरपा हवा. सपाट भूमीवर अर्धा किलोमीटर लांबीची पन्हळ अकरा अंशांनी तिरपी करायची, तर उत्तर टोकाचा मनोरा दक्षिण टोकापेक्षा सुमारे शंभर मीटर उंच करावा लागला असता. तो खर्च आणि वाऱ्याचा धोका दोन्ही टाळण्याचा एकच मार्ग होता : तेवढाच उतार असलेली, दक्षिणोत्तर पसरलेली टेकडी शोधणे. दिल्लीच्या अक्षांशावर हा उतार अठ्ठावीस अंशांचा झाला असता. म्हणून शोध दक्षिणेकडे वळला. अखेर उटीजवळ मुथोराई येथे सुमारे अकरा अंश उताराची टेकडी सापडली, आणि तिथला अक्षांशही तितकाच होता!

या उतारावर २३ मीटरच्या अंतराने चोवीस पोलादी मनोरे उभे राहिले. प्रत्येकावर अन्वस्ताच्या, म्हणजे पॅराबोलाच्या, आकाराचा सांगाडा बसवला गेला. एकूण लांबी ५३० मीटर, रुंदी ३० मीटर. परावर्तक म्हणून पत्रा नव्हे, तर टोकापासून टोकापर्यंत ताणलेल्या ११०० बारीक स्टेनलेस स्टीलच्या तारा. दुर्बीण टिपत असलेल्या लहरींची लांबी सुमारे ९२ सेंटीमीटर, आणि तारांमधील फटी त्या मानाने नगण्य. त्यामुळे लहरींना तो अखंड आरसा वाटतो, तर वारा मात्र आरपार निघून जातो. वाऱ्याचा भार घटल्याने मनोरे हलके करता आले. मात्र चोवीसही सांगाडे एकाच रेषेत राहून एकाच वेळी फिरणे अनिवार्य होते. एक जरी मागे राहिला तरी तारांचा आरसा पिळला गेला असता.

भाभा हे दृश्य पाहू शकले नाहीत. जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. १८ फेब्रुवारी १९७० रोजी या दुर्बिणीने पहिले निरीक्षण नोंदवले. तिची रचना आणि बांधणी भारतातच झाली होती.

पुढे या निरीक्षणांतून शेकडो क्षीण रेडिओ स्रोतांचे आकार हाती आले. १९७५ मध्ये स्वरूप आणि विजय कपाही यांनी त्यांवरून दाखवले की विश्वाचे रूप काळाबरोबर पालटत आले आहे. हा निष्कर्ष स्थिर स्थिती सिद्धांताच्या विरोधात जाणारा होता; आणि त्या सिद्धांताचे एक प्रमुख पुरस्कर्ते जयंत नारळीकर त्या वेळी याच संस्थेत कार्यरत होते. एका छताखाली दोन परस्परविरोधी मते नांदू शकली, ही त्या संस्थेची खरी श्रीमंती.

उटीत शिकलेला काटकसरीचा धडा पुढे पुणे जिल्ह्यातील खोडद येथे उपयोगी पडला. तिथल्या महाकाय मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांवरही पत्रा नाही. दोरांच्या आधाराने ताणलेली तारांची जाळी आहे. अपुऱ्या साधनांवर उत्तर शोधताना निसर्गाचा उतार, वारा आणि पृथ्वीची गती यांनाच कामाला लावणे, ही त्या पिढीची अभियांत्रिकी होती. मुथोराईच्या टेकडीवरील ते चोवीस मनोरे आजही आकाशाचा मागोवा घेत आहेत.