दूरस्थ प्रयोगशाळेचे दप्तर

परगावच्या विद्यार्थ्याने हजारो कोसांवरील उपकरणास हुकूम सोडावा आणि त्याचे उत्तर घरबसल्या मिळवावे, ही गोष्ट आता कोणास अद्भुत वाटत नाही; परंतु तिचा पूर्वेतिहास चाळू लागले म्हणजे तिची अडचण यंत्रात थोडी आणि दप्तरात पुष्कळ होती, असे आढळते.

१९९४ साली पर्थच्या वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाने कारखान्यातील एक यंत्रबाहू महाजालास जोडला आणि वाटेल त्याने दुरून त्याच्याकडून लाकडी ठोकळे हलवून घ्यावेत, अशी मुभा दिली. त्यात अध्यापनापेक्षा नवलाई अधिक होती, असे मला वाटते.

अध्यापनाची निकड अमेरिकेत एमआयटीमध्ये प्रकट झाली. अर्धवाहकांचे गुणधर्म मोजणारे यंत्र महागडे व नाजूक, आणि त्यावर हात टेकू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांची ही गर्दी. तेव्हा प्राध्यापक हेसूस देल आलामो यांनी १९९८ मध्ये ‘वेबलॅब’ उभारली. विद्यार्थ्याने विद्युद्दाबाचे सारे आकडे जणू एका अर्जात भरून धाडावेत, ते मर्यादेत आहेत की नाहीत याची शहानिशा आधीच व्हावी आणि पाळी येताच मापन उरकून निकाल अर्जदाराच्या हवाली व्हावा, असा तो बंदोबस्त होता. विचार करण्यात जाणारा वेळ यंत्राच्या वाट्याला येतच नसल्यामुळे एकच यंत्र अनेकांस पुरू लागले. पुढे ‘आयलॅब’ रचनेत प्रयोगशाळा आणि विद्यार्थी यांच्यामध्ये एक कारभारी नेमला गेला. ओळख पटविणे, परवाना देणे आणि प्रयोगांच्या नोंदी जतन करणे ही कामे त्याच्याकडे गेल्याने यंत्राच्या मालकास परक्या विद्यापीठाची हजेरी ठेवण्याची तसदी उरली नाही. कंपाला, दार-एस-सलाम आणि नायजेरियातील इले-इफे येथील विद्यापीठे या रचनेत सहभागी झाली. अर्जात मूठभर आकडेच जात असल्याने मंद जोडणीवरही काम भागत असे.

मुंबईत पवईच्या आयआयटीने साधलेली युक्ती मात्र अगदी निराळी. नायक्रोमची तार, पोलादाची पट्टी, छोटासा पंखा आणि तापमापक एवढ्याच सामग्रीतून तिथे नियंत्रणशास्त्राचा प्रयोग सिद्ध झाला. पण तापलेली पट्टी आपल्या चालीनेच निवते. तिला अर्जाची घाई चालत नाही. म्हणून विद्यार्थ्याने आपली वेळ आगाऊ राखून ठेवायची, त्या अवधीत यंत्र सर्वस्वी त्याच्या ताब्यात, आणि सायलॅब या गणनप्रणालीत लिहिलेली त्याची आज्ञावली त्याच्याच संगणकावर चालून दुरून पंखा व तार यांना हुकूम देणार, अशी वहिवाट पडली. वेळ संपली की पट्टी पुढच्या उमेदवाराची.