क्लाउड स्टोरेज: भाव वेगळा, पट्टी वेगळी

नगरजवळच्या नेप्ती उपबाजारात कांदा विकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही की पुकारलेला भाव वेगळा आणि हातात पडणारी पट्टी वेगळी. हमाली, तोलाई, वाराई मध्ये असतेच. क्लाउड स्टोरेजच्या वेबसाइटवर मोठ्या अक्षरात जो 'प्रति जीबी' दर दिसतो, तो फक्त भाव. पट्टी महिनाअखेरीला ईमेलने येते.

आपण इथे बोलतोय ते ऑब्जेक्ट स्टोरेजबद्दल. गुगल ड्राइव्ह तुम्ही स्वतः उघडून वापरता; ऑब्जेक्ट स्टोरेज हे ॲप आणि वेबसाइट वापरतात. इथे खरे फोल्डर नसतात. एक 'बकेट' असते, तिच्यात फाइल टाकायची आणि तिला एक नाव द्यायचं. ॲमेझॉनने मार्च २००६ मध्ये एस-थ्री आणलं आणि त्याचीच पद्धत पुढे बाकीच्यांनी उचलली. म्हणून एस-थ्रीसाठी लिहिलेला कोड थोड्या बदलाने क्लाउडफ्लेअरच्या आर-टूवर किंवा बॅकब्लेझच्या बी-टूवरही चालतो.

आता हिशोब करू. समजा, सावेडीतल्या एका वेडिंग फोटोग्राफरची स्वतःची वेबसाइट आहे. तिच्यावर १,००० जीबी फोटो-व्हिडिओ आहेत, आणि लग्नसराईच्या एका महिन्यात पाहुण्यांनी मिळून ६०० जीबी डाउनलोड केलं. डॉलर ९० रुपये धरू, जीएसटी बाजूला ठेवू.

एस-थ्रीचा मुंबईतला साधा दर जीबीला महिना ०.०२५ डॉलर. म्हणजे साठवणुकीचे २५ डॉलर. पण डेटा बाहेर काढायचे, म्हणजे 'एग्रेस'चे, वेगळे पैसे. महिन्याला पहिले १०० जीबी फुकट, पुढे जीबीला ०.१०९३ डॉलर. उरलेल्या ५०० जीबीचे झाले ५४.६५ डॉलर. एकूण साधारण ७,१७० रुपये, आणि त्यात ठेवण्यापेक्षा नेण्याचा खर्च दुपटीहून जास्त!

आर-टूचा दर ०.०१५ डॉलर, पहिले १० जीबी फुकट, एग्रेस शून्य. बिल १४.८५ डॉलर, म्हणजे साधारण १,३४० रुपये. बॅकब्लेझने ऑक्टोबर २०२३ मध्ये बी-टूचा दर टीबीला ६ डॉलर केला आणि साठवलेल्या डेटाच्या तिप्पट डाउनलोड फुकट दिलं. त्या दराने पहिले १० जीबी वगळून साधारण ५३५ रुपये. मात्र बी-टूची डेटा सेंटर अमेरिका, कॅनडा आणि युरोपात आहेत, भारतात नाहीत. नगरमध्ये बसून पाहणाऱ्याला फोटो उघडायला क्षणभर जास्त लागू शकतो. अल्बमला ते चालतं, प्रत्येक सेकंदाला फाइल मागणाऱ्या ॲपला चालेलच असं नाही.

मग एस-थ्री महागच का? तसंही नाही. तुमचं ॲप ॲमेझॉनच्याच मुंबईतल्या सर्व्हरवर चालत असेल, तर त्या सर्व्हरपर्यंत डेटा नेण्याचे एग्रेस लागत नाही. आणि कुणी डाउनलोडच करत नसेल, तर त्यांचे अर्काइव्हचे वर्ग फार स्वस्त पडतात.

स्वस्त वर्गाच्या अटी

सगळ्यात स्वस्त वर्ग 'ग्लेशियर डीप अर्काइव्ह'. इथे फाइल किमान १८० दिवसांची धरली जाते. दहाव्या दिवशी डिलीट केली तरी पैसे पूर्ण मुदतीचे. परत काढायला १२ तासांपर्यंत वेळ लागतो आणि त्याचे पैसे वेगळे. नवरीच्या घरून संध्याकाळी फोन आला, 'दादा, उद्या सकाळी व्हिडिओ पाहिजे', तर 'लगेच पाठवतो' म्हणायची सोय नाही. 'स्टँडर्ड-आयए' वर्गात मुदत ३० दिवसांची, पण १२८ केबीपेक्षा लहान फाइलसुद्धा १२८ केबीचीच मोजतात. त्यामुळे २० केबीचे लाखभर थंबनेल तिथे ठेवू नका. वसाबीचं एग्रेस फुकट असल्याची बरीच जाहिरात दिसते, पण तिथे किमान १ टीबीचं बिल येतंच.

आपल्याकडे जास्त नडतं ते अर्धवट अपलोड. मोठा व्हिडिओ तुकड्या-तुकड्यांनी चढतो. मध्येच लाइट गेली, नेट तुटलं, की चढलेले तुकडे एस-थ्रीवर तसेच राहतात. फाइलच्या यादीत ते दिसत नाहीत, बिलात मात्र दिसतात. सेटिंगमध्ये 'लाइफसायकल रूल' लावून ७ दिवसांनी ते आपोआप पुसले जातील असं करा. आर-टू हे स्वतःहून करतं. बी-टूवर दुसरीच गंमत आहे: तिथे फाइलच्या जुन्या आवृत्त्याही आपणहून जपल्या जातात. एडिट केलेला व्हिडिओ त्याच नावाने चार वेळा चढवला, तर चार फायलींचे पैसे. तेही सेटिंगमधून बदलता येतं.

याशिवाय कार्डावरून डॉलरमध्ये पैसे गेले की बँक फॉरेक्स मार्कअप लावते. ॲमेझॉनचं बिल रुपयांत येतं, त्यावर १८ टक्के जीएसटी.

बाहेर पडायचा खर्चही आधीच पाहून ठेवा. जानेवारी २०२४ मध्ये गुगल क्लाउडने आणि मार्चमध्ये ॲमेझॉनने सेवा सोडून जाणाऱ्यांचं एग्रेस माफ करायला सुरुवात केली. ते आपोआप होत नाही. डेटा हलवण्याआधी सपोर्टला लिहून मंजुरी घ्यावी लागते.

आणि तुमच्याकडे फक्त घरचे फोटो असतील, तर यातलं काहीच लागत नाही. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजचं अमर्याद फुकट स्टोरेज बंद झालं, पण १५ जीबी अजून मिळतात, आणि पुढच्या प्लॅनमध्ये फोटो कितीदा उघडले याचं मीटर पडत नाही.