कँटनचा कामगार, दिल्लीचे ऑपरेशन

डिसेंबर 2003 मध्ये अमेरिकेत कायदा झाला आणि आरोग्य बचत खाती आली. सुरुवातीचा मोठा खर्च कामगाराने पदरचा करायचा, विमा त्यानंतर. पैसा स्वतःचा असला की माणूस दर विचारील, हा त्यामागचा तर्क. पण दर विचारत तो किती लांब जाईल? 2006 मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील कँटनच्या ब्लू रिज पेपर कारखान्यातल्या एका कामगाराने खांदा आणि पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेसाठी दिल्लीला जायचे ठरवले. प्रवासखर्च कंपनीचा, शिवाय वाचलेल्या पैशात त्याचाही वाटा. तिथल्या कामगारांचेही प्रतिनिधित्व करणाऱ्या पोलाद कामगारांच्या युनियनने तीव्र विरोध केला आणि बेत बारगळला.

युनियनने कामगाराची निवड हिरावली, असा आक्षेप घेता येतो. तो तेव्हाही घेतला गेला. दिल्लीच्या अपोलो रुग्णालयाला 2005 मध्येच आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले होते, तेव्हा गुणवत्तेची शंका फारशी टिकत नाही. खरा प्रश्न जोखमीचा होता. शस्त्रक्रिया बिघडली तर दाद कुठल्या कोर्टात मागायची? घरी परतल्यावर टाके कोण बघणार? बक्षिसाच्या आमिषाने हे ओझे मजुरावर टाकणे म्हणजे निवड नव्हे.

पुढचा इतिहास हेच सांगतो. 2012 मध्ये वॉलमार्टने हृदय व मणक्याच्या शस्त्रक्रियांसाठी कामगारांना देशातल्याच मेयो, क्लीव्हलंड अशा रुग्णालयांत पाठवायचे जाहीर केले. उपचार, प्रवास आणि सोबतच्या माणसाचा मुक्काम, सारे कंपनीच्या खर्चाने. माझ्या मते युनियनचा विरोध रास्तच होता.