ट्रेडमिलवर न धावता ओळखा आपला 'दम'. घरबसल्या असा करा हिशोब

घोटावडे (ता. मुळशी) : हृदय आणि फुप्फुसांची ताकद, म्हणजे आपल्या भाषेत 'दम', मोजायला दवाखान्यात ट्रेडमिलवर चालवतात. पण २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सूत्राने तिचा अंदाज घरीही काढता येतो.

आधी हे मोजा : सकाळी उठल्यावर, चहा-तंबाखूच्या आधी, मनगटाची नाडी पूर्ण १ मिनिट मोजा. वजनाला (किलो) उंचीच्या (मीटर) वर्गाने भागा, हा बीएमआय.

हिशोब : १८.०७ मधून वय × ०.१०, बीएमआय × ०.१७ आणि नाडी × ०.०३ वजा करा. पुरुषांनी २.७७ मिळवावेत.

नंतर व्यायामाचे गुण मिळवा :
• काहीच नाही : ०
• जवळपास रोज हलकी हालचाल : ०.३२
• भरभर चालणे, सायकल, आठवड्याला २० ते ६० मिनिटे : १.०६
• १ ते ३ तास : १.७६
• ३ तासांहून जास्त : ३.०३

उदाहरण : वय ४५, पुरुष, बीएमआय २४, नाडी ७२, आठवड्याला २ तास चालणे. उत्तर ११.८६ मेट. शांत बसल्यावर लागते ती ऊर्जा १ मेट; म्हणजे पूर्ण जोर लावल्यास त्याच्या जवळपास १२ पट. चालणे बंद केले तर हाच आकडा १०.१ वर येतो.

भात लावणीत घाम गाळला, पण उरलेले वर्ष पिरंगुट-हिंजवडीच्या कंपनीत बसून काढले, तर लावणीचे गुण धरू नका.

लक्षात ठेवा : हा फक्त अंदाज आहे. बीपीच्या काही गोळ्यांनी नाडी मंदावते, मग आकडा खोटाच चांगला दिसतो. छातीत दुखत असेल, थोडे चालूनही धाप लागत असेल तर हिशोब करत बसू नका. डॉक्टरांकडे जा, त्रास अचानक वाढला तर १०८ ला फोन करा.